माउलीचा चेहरा आपल्या मातीचा : आंजेलो द फोन्सेका यांची चित्रकला

आपल्या बहुतेक घरांतील वेदीवर पवित्र मरियेचे जे चित्र असते, त्यातील वर्ण, वेष आणि चेहरा युरोपीय असतो. परदेशी धर्मगुरूंबरोबर आलेली ही परंपरा आपण भक्तिभावाने जपली. परंतु प्रार्थनेत आपण जिला 'आई' म्हणतो, तिचा चेहरा आपल्या आईसारखा का नसावा? गोमंतकीय चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांनी आयुष्यभर या प्रश्नाचे उत्तर कुंचल्याने दिले.

गोव्यातील सांत इस्तेव्ह बेटावर त्यांचा जन्म झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीज सत्तेखाली होता. नाव पोर्तुगीज, धर्म कॅथोलिक आणि माती कोकणची, असा हा संगम होता. मुंबईतील वैद्यकीय शिक्षण सोडून ते सर जे. जे. कलाशाळेत गेले. तेथील पाश्चात्त्य पद्धतीत मन रमेना, म्हणून त्यांनी शांतिनिकेतन गाठले. अवनींद्रनाथ टागोर यांच्या परंपरेत त्यांना स्वतःची शैली गवसली. पुढे पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी चित्रसाधना केली.

त्यांची मरिया साडी नेसते, तिचा वर्ण सावळा असतो. १९५१ साली विवाह झाल्यावर पत्नी आयव्ही यांचा चेहरा या चित्रांत उमटू लागला. अशा रीतीने व्यक्तिचित्र आणि भक्तिचित्र एकरूप झाले.

गोव्यातील अनेकांना हे रुचले नाही. पिढ्यान्‌पिढ्या पूजलेले रूप बदलले की श्रद्धेला धक्का लागेल, ही भीती समजण्यासारखी होती. परंतु युरोपच्या चित्रकारांनीही मरियेला आपल्याच गावच्या स्त्रीचा चेहरा व वेष दिला होता. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६३ साली उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट केले की, ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली मानलेली नाही.

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर परिसरात वसई, गोवा, मंगळूर, केरळ येथून आलेली कुटुंबे एकाच मिस्सेला बसतात. सोनिवलीत वाढणारे मूल विचारते, "आपण नक्की कुठले?" फोन्सेका यांची चित्रे सांगतात की, माणूस अर्धा इकडचा व अर्धा तिकडचा नसतो, तो दोन्हीकडचा पूर्णपणे असू शकतो. पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात त्यांचा मोठा चित्रसंग्रह आहे. गोव्याच्या यात्रेला जाणाऱ्यांनी तेथेही अवश्य डोकवावे.