‘देवी काढणे’ आणि ‘लाभार्थी’

मराठीत ‘देवी’ हा एकच शब्द रोगाचा, रोगदेवतेचा आणि रोगनिवारक टोचणीचाही वाचक झाला. ‘देवी येणे’ ही व्याधी, ‘देवी काढणे’ हा तिच्यावरील उपाय. भारतातील पहिले लसीकरण मुंबईत १४ जून १८०२ रोजी झाले. पुढे विरोध पुष्कळ झाला. तथापि परक्या उपायाला लोकभाषेने अखेर आपल्या श्रद्धेच्याच परिभाषेत जागा दिली.

महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतील अनेक वृद्धांच्या दंडावर त्या टोचणीचे वण अद्याप दिसतात. मुले मुंबईस, म्हातारी माणसे गावी, ही तेथील जुनी रीत. त्यामुळे वृद्धाश्रमाचे काम बहुधा राहते घरच करते. कोविडकाळात, मे २०२१ मध्ये, केंद्र सरकारने घराजवळील लसीकरण केंद्रांची योजना आखली, तीत वृद्धाश्रम होते. अंथरुणास खिळलेल्यांना घरी लस देण्याची अनुज्ञा सप्टेंबरात आली.

या धोरणाच्या कागदांत वृद्धास ‘लाभार्थी’ म्हटले आहे. व्युत्पत्तीने लाभार्थी म्हणजे लाभ इच्छिणारा. जी इच्छा विश्वासाने मिळवावयाची, ती शब्दानेच गृहीत धरली! ‘मी देवी काढून घेतल्या’ या वाक्यात बोलणारा स्वतः कर्ता असतो. आशा कार्यकर्ती दारात येऊन ‘आजी, लस घेतलीत का?’ असे विचारते, तेव्हा ती नकळत याच जुन्या वाक्यरचनेचा आश्रय करते.