‘लेकरावानी सांभाळतो’ म्हणून राघू घरचा होत नाही

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी बैल यांचा तिथला बाजार सगळ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. या जनावरांना माणसाच्या दावणीची हजारो वर्षांची सवय आहे. लाल कंधारी तर याच मातीत पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवलेली जात. राघूचं तसं नाही. नांदेडच्या जुन्या वाड्यात किंवा लातूरच्या गॅलरीत टांगलेल्या पिंजऱ्यातला हिरवा पोपट रानातलाच पक्षी असतो. कुणीतरी ढोलीत हात घालून त्याला पिल्लू असताना काढलेलं असतं.

‘पोपट तर घरोघरी असतात, त्यात कसला गुन्हा?’ हा सगळ्यांत जुना गैरसमज. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ पासून लागू आहे आणि देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून सरसकट बंदी आहे. कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. कंठवाला पोपट आणि खांद्यावर लाल पट्टा असलेला मोठा करण पोपट, ज्याला बाजारात ‘पहाडी’ म्हणतात, हे दोघेही आता अनुसूची २ मध्ये आहेत. पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात बाळगणं, सगळंच गुन्ह्यात येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘आम्ही पकडला नाही, पैसे देऊन घेतला’ ही सबब चालत नाही. जत्रेत चिठ्ठी उचलून भविष्य सांगणारा पोपटही याच कायद्याखाली येतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात २०१५ साली एका वृद्धेने पोलिसांत तक्रार केली की, नात्यातल्या माणसाचा पोपट तिला येता-जाता शिव्या देतो. पोलिसांनी पक्ष्यासकट मालकाला ठाण्यात बोलावलं. तिथे पोपटाने चकार शब्द काढला नाही, आणि शेवटी त्याला वनखात्याच्या हवाली करण्यात आलं. बातमी देशभर गाजली, लोक हसले. त्या पक्ष्याचं काय, हा प्रश्न मात्र मागे राहिला. शिवी म्हणजे काय हे पोपटाला कळत नाही. जो आवाज वारंवार, जोरात आणि त्याच्याकडे बघून काढला जातो, तो तो उचलतो.

तो का उचलतो, हे समजून घेण्यासारखं आहे. पोपट थव्याने राहतो, आणि थव्यात एकमेकांना ओळखण्यासाठी, हाक मारण्यासाठी आवाज शिकावे लागतात. व्हेनेझुएलात हिरव्या छोट्या पोपटांवर झालेल्या अभ्यासात २०११ साली असं दिसलं की, आईबाप प्रत्येक पिल्लाला वेगळी हाक शिकवतात. नाव ठेवण्यासारखाच हा प्रकार. पिंजऱ्यातल्या एकट्या पोपटाला थवा नसतो. घरातली माणसंच त्याचा थवा होतात आणि तो त्यांच्या हाका शिकतो. ‘मिठू मिठू’ ऐकून घर खूश होतं, पण ते बोलणं पक्षी सुखात असल्याचा पुरावा नाही.

यातूनच आणखी एक क्रूर समजूत आली: जीभ खरवडली की पोपट लवकर बोलतो. पक्ष्याचा आवाज श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या स्वरयंत्रातून निघतो. जीभ त्या आवाजाला आकार देण्यापुरती मदत करते. ती खरवडून पक्षी बोलका होत नाही, जखमी होतो, खाणं टाकतो आणि कित्येकदा मरतो. ‘कंठी आली की बोलेल’ हेही खरं नाही. कंठी फक्त नराला येते, तीही साधारण तिसऱ्या वर्षी. मादीला ती कधीच येत नाही, पण मादीही आवाज शिकते.

पोपट मिरची आवडीने खातो हे लोकांचं निरीक्षण मात्र बरोबर आहे, तेच त्याचं खाणं हा अर्थ चुकीचा आहे. मिरचीतला झोंबणारा घटक आपल्या मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहकाला चेतवतो, त्याचा शोध डेव्हिड ज्यूलियस यांच्या गटाने लावला आणि २०२१ चं नोबेल त्यांना मिळालं. पक्ष्यांमधला हाच ग्राहक त्या घटकाला दाद देत नाही, म्हणून पोपट मिरची पेरूसारखी खातो. पण मिरची, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि दूध-पोळी यावर वर्षानुवर्षं ठेवलेल्या पोपटाला अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं. दूध तर पक्ष्यांना पचतच नाही.

‘आम्ही त्याला लेकरावानी सांभाळतो’ असं म्हणणाऱ्यांची माया खोटी नसते. तरी माप घेऊन बघावं. कंठवाला पोपट शेपटीसह सुमारे ४० सेंटिमीटर लांब असतो आणि पंख पसरले की तेवढीच किंवा थोडी जास्त रुंदी भरते. नेहमीच्या गोल पिंजऱ्यात दोन्ही पंख एकदम उघडत नाहीत. हलता-फिरता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हाच आहे. पिंजऱ्याबाहेर ठेवायचा तर बहुतेक जण पंख कातरतात. नीट सांभाळलेला पोपट २५-३० वर्षं जगतो, म्हणजे हा कोंडवाडाही तितकाच लांबतो. एकटेपणाला कंटाळून स्वतःची पिसं उपटणारे पोपट पक्ष्यांच्या डॉक्टरांना नवे नाहीत.

विकायला येणाऱ्या पिल्लांमागची गोष्ट याहून वाईट आहे. पोपट स्वतः ढोली कोरत नाही. सुतार किंवा तांबट पक्ष्याने सोडलेली ढोली, नाहीतर जुन्या खोडातली पोकळी शोधतो. पिल्लं काढणारे कुऱ्हाडीने ढोलीचं तोंड मोठं करतात, आणि ती ढोली पुढच्या वर्षी कामाची राहत नाही. डोळेही न उघडलेली, अंगावर पीस नसलेली पिल्लं आईच्या गळाशयातल्या मऊ अन्नावर आणि तिच्या उबेवर जगतात. पिशवीत कोंबून नेलेल्यांपैकी अनेक बाजारापर्यंत पोचतच नाहीत. एक पोपट विकत घेणारा नकळत त्या मेलेल्या पिल्लांचेही पैसे मोजत असतो.

शेतकऱ्याची तक्रार वेगळी आणि खरी आहे. शाळूची कणसं भरली की थवे उतरतात, सूर्यफुलाचंही नुकसान होतं. त्यासाठी राखण आहे, माळा आहे, गोफण आहे. ‘नासधूस करतो, मग धरला तर काय बिघडलं’ हा मात्र कायद्याला आणि न्यायालाही न पटणारा हिशेब आहे. कोंडलेल्या एका पोपटामुळे शिवारातला थवा कमी होत नाही.

लव्हबर्ड म्हणून विकले जाणारे बहुतेक पक्षी खरं तर ऑस्ट्रेलियातले बजरीगर असतात. ते पिंजऱ्यात पैदा होतात आणि त्यांना पाळण्यावर बंदी नाही, पण तेही थव्याने मैलोन्‌मैल उडणारे पक्षी आहेत. एकट्या बजरीगरला छोट्या पिंजऱ्यात ठेवणं देशी पोपटाला कोंडण्याइतकंच वाईट. आफ्रिकन ग्रे हा परदेशी पोपट मात्र वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार २०१७ पासून सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि २०२४ च्या नियमांनुसार असा पक्षी बाळगणाऱ्याने सरकारी पोर्टलवर नोंद करणं सक्तीचं आहे.

आता ज्यांच्या घरी राघू आहेच, त्यांच्याकडून एक घाई हमखास होते: पुण्य म्हणून पिंजरा उघडून देणं. लहानपणापासून वाटीतलं खाल्लेल्या, उडण्याचे स्नायू लेचेपेचे झालेल्या पक्ष्याला दाणा शोधता येत नाही, शिक्रा ओळखता येत नाही. मांजर किंवा कावळे त्याला पहिल्याच दिवशी गाठतात. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जावं. पशुवैद्याची तपासणी, मोठ्या जाळीघरात उडण्याचा सराव आणि मग थव्याजवळ सोडणं असा क्रम असतो. जे पक्षी कधीच उडू शकणार नाहीत, त्यांना देखरेखीखाली ठेवावं लागतं.

पिंजऱ्यातल्या राघूइतकाच बाहेरच्या थव्याचाही विचार करायला हवा. लातूरमध्ये जंगल नावापुरतंच आहे. नांदेडला किनवट-माहूरकडचा सागवानी पट्टा सोडला तर पोपटांची भिस्त बांधावरच्या आणि रस्त्याकडेच्या जुन्या वड, पिंपळ, चिंच, कडुलिंबावर असते. रुंदीकरणात अशी झाडं गेली की ढोल्याही जातात. जानेवारी ते मे या काळात वाळकं खोड तोडायला घेण्याआधी त्याच्या ढोलीत कुणी राहतंय का, हे खालून पाच-दहा मिनिटं बघितलं तरी कळतं: आईबाप दिवसातून अनेकदा पिल्लांना भरवायला येत असतात.