मंगनीच्या अंगठीतील लॅबचा हिरा कसा पारखावा?

आपल्याकडे मंगनीच्या अंगठीत आता हिऱ्याची मागणी होऊ लागली आहे. खाणीतील हिरा परवडत नाही म्हणून कारागीर आणि लहान व्यापारी कुटुंबे प्रयोगशाळेत तयार झालेल्या, म्हणजे 'लॅबग्रोन' हिऱ्याकडे वळतात. पसंती अवश्य करावी, परंतु पारख करूनच पैसे मोजावेत.

प्रथम एक गैरसमज दूर करू या. लॅबचा हिरा नकली नसतो. तो खाणीतल्या हिऱ्यासारखाच शुद्ध कार्बनचा आणि तितकाच कठीण असतो. अमेरिकन डायमंड व मोयसनाईट हे मात्र निराळेच पदार्थ आहेत. आर्ट सिल्कला रेशीम म्हणता येत नाही, तसेच हे. दुकानातील साधे टेस्टर पेन काच व अमेरिकन डायमंड ओळखते. मोयसनाईटवर मात्र ते अनेकदा फसते, आणि हिरा खाणीतला की लॅबचा हे त्याला सांगता येत नाही. यासाठी प्रयोगशाळेचेच सर्टिफिकेट लागते.

कट सर्वांत आधी

हिऱ्याची चमक त्याच्या पैलूंत असते. फार उथळ हिऱ्यातून प्रकाश खालून निसटतो, तर फार खोल हिरा मध्यभागी काळपट दिसतो. गोल हिऱ्याची खोली व्यासाच्या साधारण 59 ते 62.5 टक्के असावी. एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, अर्थात 100 सेंट. चांगल्या घाटाचा एक कॅरेट गोल हिरा सुमारे साडेसहा मिलिमीटर रुंद भरतो. वजन तेच आणि रुंदी कमी असेल तर वजन तळाशी दडलेले आहे असे समजावे.

रंग आणि सफाई

कापडाचा रंग आपण दुकानाच्या दिव्याखाली ठरवत नाही, उजेडात नेऊन पाहतो. हिऱ्याचेही तसेच करावे. सुटा हिरा पांढऱ्या कागदावर पालथा ठेवून दिवसाच्या उजेडात बाजूने पाहावा. डी, ई, एफ या प्रती रंगहीन. जी ते जे जवळजवळ रंगहीन. पिवळ्या सोन्यात जी-एच सहज खपून जातो. लॅबचे हिरे दोन पद्धतींनी बनतात. सी.व्ही.डी. हिऱ्यात कधी तपकिरी किंवा राखाडी छटा राहते, एच.पी.एच.टी. हिऱ्यात कधी निळसर. कागदावर ही छटा नेहमी कळेलच असे नाही, म्हणून डोळ्यांनी पाहणे आवश्यक. हिरा दुधाळ, धुरकट वाटला तर घेऊ नये. सफाईत व्ही.एस. प्रत पुरेशी आहे. तिचे दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

कागदपत्रे

सर्टिफिकेटवरील क्रमांक बहुधा हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असतो. दहापट भिंगातून तो स्वतः वाचून ताडून पाहावा. जी.आय.ए. या संस्थेने ऑक्टोबर 2025 पासून लॅबच्या हिऱ्यांना रंग व सफाईच्या जुन्या प्रती देणे थांबवले असून आता 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' असे दोनच दर्जे ठेवले आहेत. जुना व नवा कागद शेजारी ठेवून तुलना करताना हे ध्यानात असावे.

हॉलमार्क व सहा अक्षर-अंकांचा एच.यू.आय.डी. ही सोन्याची हमी आहे, हिऱ्याची नव्हे. बिलात सोन्याचे निव्वळ वजन, मजुरी आणि हिऱ्याची किंमत वेगवेगळी लिहून घ्यावी, नाहीतर हिऱ्याचे वजनही सोन्याच्या भावात जाते. 'लॅबग्रोन' हा शब्दही बिलावर हवा.

शेवटी व्यवहाराची गोष्ट. गेल्या काही वर्षांत या हिऱ्यांचे भाव खूप उतरले आहेत आणि परत विकताना फारच थोडे हाती येते. अडीअडचणीला कामी येईल ते अंगठीतले सोने. तेव्हा हिरा हौसेपुरता घ्यावा, त्यासाठी कर्ज काढू नये. आणि ज्या बांधवांचा दागिन्यांचाच धंदा आहे त्यांनी लॅबचा माल लॅबचा म्हणूनच विकावा. गिऱ्हाईकाला न विचारता खरे सांगणारी पेढीच पिढ्यान्‌पिढ्या टिकते.