पापशंका की मंत्रचळ?

शनिवारी पापनिवेदन करून गेलेली व्यक्ती रविवारी मिस्सापूर्वी पुन्हा धर्मगुरूंसमोर उभी राहते. “फादर, काहीतरी सांगायचे राहिले असावे.” क्षमा मिळते, आणि संध्याकाळी तीच शंका पुन्हा डोके वर काढते. लोक तिला अतिश्रद्धाळू म्हणतात, नाहीतर अल्पविश्वासी. पुष्कळदा ती केवळ आजारी असते.

ओसीडी या विकाराला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात. नको असलेला विचार मनात घुसतो आणि तो शमविण्यासाठी एखादी कृती केल्यावाचून राहवत नाही. कोणी कातडी सोलवटेपर्यंत हात धुतो, कोणी कुलूप दहादा ओढून पाहतो, कोणी रोझरीचा एक मणी चुकला म्हणून पहिल्यापासून आरंभ करतो. कृतीनंतर क्षणभर बरे वाटते. घात तेथेच होतो. कृती केली म्हणून संकट टळले, असे मन शिकते आणि पुढची शंका अधिक बळाने येते. नोकरी, स्वयंपाक, अभ्यास सारेच रखडते. “लावले आहे गं कुलूप” अशी घरच्यांची वारंवारची समजूतही, प्रेमापोटीची असली तरी, हेच चक्र फिरवीत राहते.

काहींना तर प्रार्थनेतच देवनिंदेचे विचार छळतात. ज्या विचाराला मनाची संमती नाही, ते पाप कसे?

संत इग्नेशियस लोयोला यांनी १५२२ साली मोन्सेरात येथे तीन दिवस लिहून पापनिवेदन केले. तरीही मान्रेसात शंकांनी त्यांना इतके ग्रासले की आत्महत्येचा विचार मनात आला. अखेर मागील पापे पुन्हा निवेदन न करण्याचा त्यांनी निश्चय केला.

आजच्या उपचारातही रुग्णाला शंका सहन करीत कृती टाळण्याचा सराव टप्प्याटप्प्याने दिला जातो; जोडीला औषधे असतात. पुरता गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, म्हणून ती मध्येच सोडू नयेत. रुग्णाने एकच धर्मगुरू निवडावेत आणि त्यांना आजाराची कल्पना द्यावी.

वर्धेकरांना यासाठी नागपूर गाठावे लागत नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ आहेत. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते.