वर्ग भरण्याआधीची विचारपूस

घरातली मारहाण रोखण्यासाठी पालकांचे वर्ग घ्यायचे, ही कल्पना आता जगभर रुळली आहे. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा पालक एकत्र बसतात. मूल हट्टाला पेटले की हात न उचलता काय करायचे, पैशांवरून लागलेले भांडण कुठे थांबवायचे, याचा सराव करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये शून्य ते सतरा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठीच्या अशा कार्यक्रमांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तयार अभ्यासक्रमही बरेच आहेत. पण वर्गाला कोण येईल, कोणत्या महिन्यात येईल, कोणासमोर तोंड उघडेल आणि घरी परतल्यावर त्याला काय ऐकून घ्यावे लागेल, हे कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेले नसते. ते त्या गावातच शोधावे लागते. कार्यक्रम ठरण्याआधी लोकांबरोबर बसून होणारी ही विचारपूस म्हणजे लोकसहभागी संशोधन.

मुलांना होणारी मारहाण आणि बायकांना होणारी मारहाण सरकारी कामकाजात दोन वेगळ्या फायलींत असतात. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले. तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचे सांगितले आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक मुलांना मारणारे आईवडीलच होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे नोंदवले. त्याच पाहणीत ४५ टक्के स्त्रिया आणि ४४ टक्के पुरुष यांना काही ना काही कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य वाटले. ज्या स्त्रीच्या आईने वडिलांचा मार खाल्ला, तिच्या स्वतःच्या वाट्यालाही तो येण्याचे प्रमाण अधिक आहे, हेही या पाहणीतून दिसते. फायली दोन असल्या तरी घर एकच असते. म्हणून नव्या कार्यक्रमांत पालकत्व आणि नवरा-बायकोचे नाते हे दोन्ही विषय एकाच वर्गात आणले जातात.

महाराष्ट्रातले या पद्धतीचे नीट नोंदवलेले उदाहरण पुण्याचे आहे. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या डॉ. अमिता काळोखे आणि पुण्यातील तेव्हाच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या डॉ. सीमा सहाय यांच्या गटाने वस्त्यांमधील नवविवाहित जोडप्यांसाठी ‘घ्या भरारी एकत्र’ हा कार्यक्रम बांधला. त्याआधी या संशोधनात भारतीय कुटुंबातली हिंसा आणि नियंत्रण मोजण्याची स्वतंत्र प्रश्नावली तयार झाली. परदेशी मोजपट्ट्या बहुतेक नवऱ्यापाशी थांबतात. इथे सासू-सासरे, दीर, नणंद यांचा जाच, माहेरी जाऊ न देणे, पैसे हातात न देणे हेही मोजणे भाग होते. वस्तीतील लोक आणि या प्रश्नावर काम करणारे यांच्याशी बोलून मग सहा सत्रे ठरली : एकमेकांसोबत चांगला वेळ घालवणे, आत्मसन्मान आणि चिवटपणा, संवाद व भांडण हाताळणे, ध्येय ठरवून ते अमलात आणणे, लैंगिक व प्रजनन आरोग्य, आणि शेवटी हिंसेला पाठबळ देणाऱ्या समजुती. मारहाणीचा उघड विषय शेवटच्या सत्रात येतो, ही मांडणी शहाणपणाची आहे. पहिल्याच दिवशी ‘तुम्ही मारता का’ असे विचारले तर दुसऱ्या आठवड्याला सतरंजी रिकामी राहते. लग्न झाल्या झाल्या जोडप्यांना गाठण्याचे कारणही साधे आहे. सवयी पक्क्या व्हायच्या असतात आणि बहुतेकांच्या घरी अजून पाळणा हललेला नसतो.

युगांडातील ‘पेरेंटिंग फॉर रिस्पेक्टेबिलिटी’ हा कार्यक्रम थेट पालकत्वाचा आहे. तिथे आधीच्या संशोधनात एक गोष्ट वारंवार पुढे आली : आपल्या घराण्याला गावात मान असावा, ही पालकांची सर्वांत मोठी ओढ. कार्यक्रमाचा पाया तोच धरला गेला. बायकोला मारणारा, दारू पिऊन रस्त्यावर पडणारा बाप घराची अब्रू घालवतो, ही गोष्ट गावकऱ्यांनाच मान्य होती. ती बाहेरून शिकवावी लागली नाही. वडील आणि आया आधी वेगवेगळ्या गटांत बसतात, मग एकत्र येतात. ‘चार लोकांत मान’ ही प्रेरणा विदर्भातल्या गावालाही नवखी नाही, मात्र तिला दुसरी बाजू आहे. त्याच मानापायी मार खाणारी बाई गप्प बसते. संशोधकाने दोन्ही बाजू तपासल्याशिवाय ही प्रेरणा वापरू नये.

विदर्भातलेच एक गाव उदाहरण म्हणून घेऊ. गोंदिया तालुक्यातील कामठा हे लहरी आश्रमामुळे ओळखले जाणारे, एके काळच्या मोठ्या जमीनदारीचे गाव. अशा गावात संशोधनाची पहिली पायरी म्हणजे कामाचे वेळापत्रक समजून घेणे. हा धानाचा मुलूख. जूनमध्ये पऱ्हे टाकले जातात, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. त्या दिवसांत बाया पहाटे स्वयंपाक उरकून चिखलात उतरतात आणि दिवस मावळता परततात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी-मळणी, पाण्याची सोय असेल तिथे उन्हाळी धान, एप्रिल-मे मध्ये जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात तेंदूपत्ता. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटके आणि दंडारीची लोकनाट्ये रंगतात. दुपारी तीनला अंगणवाडीत पालकांचा वर्ग ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने हे वेळापत्रक पाहिलेले नसते. मग ‘पालकांचा प्रतिसाद नाही’ असा शेरा वहीत पडतो. भाषेचेही तसेच. जिल्ह्यात मराठीबरोबर पोवारी आणि हिंदी घरोघरी चालते. शाळेच्या मराठीत छापलेला प्रश्न आजीला कळला की नाही, हे तिच्या होकारावरून ठरवता येत नाही.

प्रश्न विचारण्याच्या रीतींपैकी एक जवळून पाहण्यासारखी आहे. रवी जयकरन यांनी रुजवलेल्या दहा बियांच्या पद्धतीत कागद-पेन्सिल लागत नाही. धानपट्ट्यात बी म्हणून चिंचोके सहज मिळतात. बायकांच्या गटासमोर खडूने जमिनीवर चार गोल काढायचे : रोवणी, कापणी, लग्नसराई, उन्हाळा. दहा चिंचोके म्हणजे वर्षभरात मुलांना बसणारा सगळा मार. ‘तुमच्या घरी’ असे म्हणायचे नाही, ‘आपल्या गावात’ म्हणायचे. चिंचोके कसे वाटायचे, ते गटाने ठरवायचे. पहिली बाई सहज पाच चिंचोके रोवणीच्या गोलात सरकवते, दुसरी त्यातले दोन उचलून लग्नसराईत ठेवते, तिसरी नुसतीच हसते. खरी माहिती त्या ओढाताणीत असते. चिंचोका हलला की ‘का’ विचारता येते. कंबर मोडल्यावर पोराची किरकिर सहन होत नाही, शाळा बंद असली की पोरे पायात येतात, लग्नात नवरा पिऊन येतो, अशी कारणे मग न विचारता निघतात. कोणाच्याही घराचे नाव घ्यावे लागत नाही आणि लिहिता न येणारी बाईही बरोबरीने खेळते. नोंद घेणाऱ्याने चिंचोक्यांची अखेरची संख्या लिहून थांबू नये. कोणता चिंचोका किती वेळा हलला आणि तो हलवणारी सून होती की सासू, हे लिहिलेले जास्त उपयोगी पडते. हाच खेळ पुरुषांच्या गटात वेगळा घेतात आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवतात.

पुरुषांचा गट जमवणे सर्वांत कठीण. अंगणवाडीचा पालक मेळावा म्हणजे व्यवहारात आयांचा मेळावा. बाप येतो तो मुलाला सोडायला, आणि दारातूनच परततो. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, युनिसेफ आणि एकात्मिक बालविकास सेवा योजना यांच्या ‘आरंभ’ उपक्रमाने तीन वर्षांखालील मुलांच्या विकासासाठी अंगणवाडी सेविकांच्या हातून पालकांपर्यंत पोचण्याची वाट महाराष्ट्रात घातली आहे. हिंसा रोखणाऱ्या कार्यक्रमाला तीच वाट वापरता येईल. मात्र बापाला गाठायचे तर संशोधकाला पानठेल्यावर, राइस मिलच्या फाटकाशी, भजनी मंडळात जावे लागते. आजी-आजोबांना वगळणेही महागात पडते. आई कामावर असताना मूल त्यांच्याच हाती असते, आणि सुनेने वर्गात शिकलेली गोष्ट घरी टिकेल की नाही, हे अनेकदा सासूच ठरवते.

सुरक्षितता हा या कामाचा सर्वांत कडक भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्त्रियांवरील घरगुती हिंसेच्या संशोधनासाठी नियम घालून दिले. एका घरातून एकाच स्त्रीला विचारायचे, ती एकटी असेल तेव्हाच विचारायचे, आणि बाहेर अभ्यासाचे नाव आरोग्य किंवा कुटुंबजीवन असे सौम्य ठेवायचे. कोणी आत आले तर विषय बदलता यावा म्हणून बाळाच्या आहाराचे प्रश्न हाताशी ठेवतात. राष्ट्रीय पाहणीतही आडोसा मिळाला नाही तर हिंसेचा भाग गाळतात. ‘हिंसा झाली का’ असे मोघम न विचारता चापट, ढकलणे, केस ओढणे, उपाशी ठेवणे अशी एकेक कृती विचारतात, कारण दोन चापट्यांना बरेच जण हिंसा मानत नाहीत. मुलाखतीनंतर मदतीचा पत्ता द्यावा लागतो : महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसा कायद्याखालील संरक्षण अधिकारी. पण हा पत्ता उघड छापील चिठ्ठीवर द्यायचा नसतो. ती चिठ्ठी नवऱ्याच्या हाती लागू शकते.

कायद्याचा एक पेच आधीच सोडवावा लागतो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर ते पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे; त्यातून संशोधकाची सुटका नाही. गुप्ततेचे वचन देतानाच ही मर्यादा सांगितली नाही तर नंतर विश्वासघात ठरतो. लहान गावात नाव गाळूनही भागत नाही. ‘तीन मुली असलेली, शिवणकाम करणारी बाई’ एवढे छापले तरी सगळे ओळखतात. गावातला तंटा गावातच मिटावा म्हणून २००७ च्या स्वातंत्र्यदिनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. या मोहिमेच्या समित्यांकडे घरचे भांडणही जाते. संशोधनाला त्यांची मदत हवी असते, पण समितीच्या सदस्याच्याच घरची बाई बोलली तर काय, याचे उत्तर आधी तयार ठेवावे लागते. सल्लागार गटात बचत गटातल्या बायका आणि आशा सेविका असतील, तर बोलणाऱ्या बाईला निदान दुसरे दार मिळते.

मिळालेल्या माहितीतून सत्रे बांधण्याची पायरी बाहेरून कोरडी दिसते, पण कार्यक्रमाचे भवितव्य तिथेच ठरते. प्रत्येक निष्कर्षासमोर एक बदल लिहायचा : रोवणीत मार वाढत असेल तर वर्ग मे महिन्यात संपवून जुलैत फक्त घरभेटी ठेवायच्या, बाप लांबच्या बैठकीला येत नसेल तर त्याच्यासाठी छोट्या बैठका घ्यायच्या, पोवारी बोलणाऱ्या पालकांसाठी गोष्ट पोवारीतच सांगायची. हा कच्चा आराखडा पुन्हा त्याच लोकांसमोर वाचला जातो. लोक खोडतात, हसतात, ‘असं आमच्याकडे कोणी बोलत नाही’ म्हणतात. दंडारीच्या अंगाने बसवलेला छोटा प्रवेश इथे छापील पुस्तिकेपेक्षा जास्त काम करतो, कारण सोंगाला लोक मोकळेपणाने हसतात.

त्यानंतर मोजणी. रवांडातील ‘बांडेबेरेहो’ कार्यक्रमाने बाप आणि त्यांच्या जोडीदारांचे गट घेतले. सुमारे पावणेदोन वर्षांनी कार्यक्रमातल्या ३३ टक्के आणि कार्यक्रमाबाहेरच्या ५७ टक्के स्त्रियांनी गेल्या वर्षात जोडीदाराकडून शारीरिक हिंसा झाल्याचे सांगितले. मुलांना मारण्याचे प्रमाणही घटले. मुंबईच्या स्नेहा संस्थेने वस्त्यांमधल्या हिंसा-प्रतिबंधाच्या कामाची परीक्षा ४८ वस्ती-गटांत घेतली, निम्म्यांत काम आणि निम्म्यांत तुलना. एवढी मोठी चाचणी प्रत्येक तालुक्याला परवडणारी नाही. पण वर्गापूर्वी आणि नंतर तेच कृतिवार प्रश्न विचारणे, आणि उत्तर बाईकडून व मुलाकडून वेगळे घेणे, हे कमी खर्चातही होते. नोंद वाढली म्हणजे मार वाढलाच असे नव्हे. बोलायला धजावलेल्या बायका वाढल्या असेही असू शकते. त्यामुळे आकड्यांशेजारी मुलाखती ठेवाव्या लागतात, आणि शेवटची मोजणी वर्ग संपल्याच्या आठवड्यात न घेता पुढची रोवणी उरकल्यावर घ्यावी लागते.