उपग्रहांच्या संदेशातून वाफेचं मोजमाप

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात पावसाची झड लागलेली असते, तेव्हा पूर्वेला माणदेशातलं माणगंगेकाठचं म्हसवड बहुधा कोरडंच असतं. इथली मदार सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गडगडाटी परतीच्या पावसावर. त्याचा अंदाज बांधायचा तर हवेतली वाफ सतत मोजायला हवी. हवामान फुगे मात्र साधारणपणे दिवसातून दोनदाच सोडले जातात.

इथे जीपीएससारखे दिशादर्शक उपग्रह कामी येतात. त्यांचा संदेश वातावरणातून येताना किंचित मंदावतो आणि डोक्यावरच्या उपग्रहाचं अंतर समुद्रसपाटीला सुमारे 2.3 ते 2.5 मीटरनं जास्त भासतं. यातला मोठा वाटा कोरड्या हवेचा. तो हवेच्या दाबावरून काढता येतो. उरलेला वाफेचा. अंतरातली साधारण 6.5 मिलिमीटरची वाढ म्हणजे 1 मिलिमीटर पाण्याइतकी वाफ. भारतीय हवामान विभागाकडे अशा केंद्रांचं जाळं आहे. ढगाळ आकाशातही ही मोजणी अहोरात्र चालते, हे तिचं मोठं बळ.

क्षितिजाआड जाणाऱ्या उपग्रहाचा संदेश हवेत किती वाकला, हे खालच्या कक्षेतला दुसरा उपग्रहही टिपू शकतो. त्यावरून वेगवेगळ्या उंचीवरचं तापमान आणि आर्द्रता कळते. भारताच्या ओशनसॅट-2 (2009) आणि मेघा-ट्रॉपिक्स (2011) या उपग्रहांवर असं उपकरण होतं.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ 2025पासून 6 किलोमीटरच्या चौकटींत अंदाज मांडते. पण आरंभीची वाफच चुकली, तर म्हसवडचा पाऊस नकाशावर भलत्याच तालुक्यात पडेल. माणदेशासारख्या पर्जन्यछायेत मोजणी केंद्रं म्हणूनच दाट हवीत.