गोधडीभोवती घरची माणसे

नवरात्र संपले आणि दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एक टाकणाऱ्यांचा आणि दुसरा ठेवणाऱ्यांचा. टाकणाऱ्यांचे पुढारीपण माझ्याकडे असते. ठेवणाऱ्यांच्या पक्षात सासूबाई एकट्याच असल्या, तरी आजवर त्यांचा पराभव झालेला नाही. गेल्या वर्षी वाद पेटला तो पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेवरून. आत सासूबाईंची दोन जुनी नऊवारी लुगडी होती, माझ्या तीन सुती साड्या होत्या, मुलांचे लहानपणचे झगे-सदरे होते, आणि अगदी तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, मामंजींची दोन धोतरे होती. मामंजींना जाऊन सहा वर्षे झाली.

“आई, हे सारं बोहारणीला देऊन टाकू या. एखादं पातेलं तरी येईल,” मी म्हटले.

“पातेली काय थोडी आहेत घरात? त्यापेक्षा गोधडी शिवू. पण मी एकटी नाही हं शिवायची. सगळ्यांनी बसायचं.”

सासूबाईंचे वय ८१. दोन वर्षांपासून त्यांच्या उजव्या हाताला कंप आहे. चहाची कपबशी आता त्या दोन्ही हातांनी धरतात. त्यांना ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य कुणालाच झाले नाही, आणि अशा रीतीने आमचे शहरातले चौकोनी-पंचकोनी कुटुंब गोधडी शिवायला बसले.

वाचकहो, गोधडी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चिंध्या येतात. कोल्हापूर-सांगलीकडे तिलाच वाकळ म्हणतात, कानडी मुलखात ती कौदी होते. नावे निराळी, पण गणित एकच. पातळ, विरलेले कापड एकटे असले तर आज ना उद्या फाटायचेच. तशाच चार कापडांचे थर एकावर एक ठेवले आणि जवळजवळ धावदोरे घातले, की तेच कापड आणखी कितीतरी वर्षे टिकते. ऊब येते तीही जाडीने नव्हे, तर थरांच्या मधे अडकून राहिलेल्या हवेने. म्हणून चार जुन्या पातळ थरांची गोधडी एका जाड नव्या चादरीपेक्षा अधिक उबदार वाटते, आणि अंगाला बोचतही नाही.

मापाचा हिशेब आमच्या सातवीतल्या चिरंजीवांनी केला. नऊ वार लुगड्याचे चार सारखे भाग केले, की प्रत्येक भाग सव्वादोन वार, म्हणजे ८१ इंच लांब होतो. लुगड्याचा पन्ना ४५ इंच धरला, तर पावणेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद अशी एका माणसाची गोधडी आयती मापात बसते. एक भाग खाली, एक वर. मधल्या थरांना काय घालायचे, हा प्रश्न उरला.

त्याचे उत्तर सासूबाईंनी दिले. मुले शाळा-कॉलेजात गेली होती. त्यांनी तळचे वर्तमानपत्र उलगडले, एक धोतर काढले, त्याची मधोमध घडी घातली आणि लुगड्याच्या भागावर पसरले. हातांनी सुरकुत्या सारल्या. “आत राहील. बाहेरून दिसायला नको,” एवढेच म्हणाल्या. दुसरे धोतर पुन्हा ट्रंकेत गेले.

ज्यांना हा उद्योग करून पाहायचा असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी अनुभवाने सांगते. कापड सुतीच घ्यावे. नायलॉन किंवा इतर कृत्रिम धाग्याच्या साड्या थरांतून सरकतात आणि अंगाखाली घाम धरतात. सारे कापड आधी धुऊन, वाळवून घ्यावे, कारण नवे कापड पहिल्या धुण्याला आटते आणि मग शेजारचे जुने कापड चुण्या धरते. रंग जातो की काय, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. फाटका भाग निर्दयपणे कापून टाकावा, पण काठ टाकू नयेत. चारी बाजूंना पट्टी म्हणून ते फार शोभतात.

मग जमिनीवर सतरंजी घालून थर पसरावेत आणि मधून कडेकडे जात मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यावेत, म्हणजे सुरकुत्या बाहेर निघून जातात. हे टाचण शेवटी काढून टाकायचे असते, म्हणून त्याला रंगीत दोरा वापरावा. सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची असावी. दोरा हातभरच घ्यावा. ‘पुन्हा पुन्हा कोण ओवणार’ म्हणून लांब दोरा घेणारा माणूस निम्मा वेळ गुंता सोडवण्यात घालवतो. गाठ थरांच्या मधे लपवावी. कडेपासून सुरुवात करून बोटभर अंतराने धावदोऱ्याच्या ओळी घालत आत आत यावे. अगदीच नवशिक्या घराने एकदम गोधडीला हात घालू नये. आधी ३६ इंच चौरस दुपटे शिवावे. नात्यात कुठे ना कुठे बाळ असतेच.

आमच्या घरी कामाची वाटणी अशी झाली. चार बाजूंना सासूबाई, मी, कॉलेजात वास्तुरचना शिकणारी लेक आणि चिरंजीव. सुया ओवण्याचे खाते यजमानांकडे. चष्मा नाकाच्या टोकावर आणून ते सुईच्या नेढ्याशी अशी काही झटापट करीत, की पहिल्या दिवशी तेच आमचे मनोरंजन होते. तुळशीचे लग्न झाल्यावर आम्ही सुरुवात केली. रात्रीची जेवणे उरकली की तासभर, आणि रविवारी दुपारी. नियम एकच. मोबाइल सतरंजीच्या बाहेर. हात गुंतलेले आणि नजर खाली असली, की माणसे एरवी न बोललेल्या गोष्टी बोलतात. गणिताच्या चाचणीत आपल्याला किती कमी गुण मिळाले, हे चिरंजीवांनी सुईकडे पाहतच सांगितले, आणि यजमानांच्या हातीही दोरा असल्यामुळे त्यांना ओरडता आले नाही.

लेकीने मात्र या कामातही आपली विद्या आणली. पट्टी आणि खडू घेऊन तिने सरळ रेषा आखल्या. तिची ओळ म्हणजे छापल्यासारखी. सासूबाईंची ओळ त्या खडूच्या रेषेवरून निघे, मधेच डावीकडे वळे, पुन्हा परत येई. कधी टाका तांदळाएवढा, कधी हरभऱ्याएवढा. एके रात्री आम्ही सारी झोपल्यावर लेकीने आजीच्या तीन ओळी उसवल्या आणि आपल्या हाताने सरळ घातल्या. तिचा हेतू वाईट नव्हता. चांगल्या वस्तूत एवढे वाकडे दिसू नये, इतकेच तिच्या मनात होते.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आपल्या जागी बसल्या. त्यांनी कापडावरून बोटे फिरवली. पुन्हा एकदा फिरवली. मग सुई पुडीत खोचून ठेवली आणि “आज डोळे दुखताहेत,” म्हणून उठल्या. दुसऱ्या दिवशीही डोळे दुखत होते. तिसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आले, की डोळ्यांना काही झालेले नाही. पोथी तर त्या रोज वाचत होत्या!

लेकीला मी बाजूला घेऊन विचारले, तेव्हा तिने सांगून टाकले. मी तिला रागावले नाही. फक्त त्या ओळींखाली काय आहे, ते सांगितले. तिचा चेहरा उतरला. त्या रात्री ती आजीपुढे कातर घेऊन बसली.

“आजी, चुकले मी. माझ्या ओळी मी उसवते. तू पुन्हा घाल.”

“नको ग. विरलेलं कापड आहे. एकदा उसवलं तेव्हाच त्याला भोकं पडली. पुन्हा उसवलंस तर फाटेल.” सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “खाली आजोबांचं धोतर आहे तुझ्या. त्याच्यावरचे टाके माझे हवे होते मला. वाकडे तर वाकडे.”

मुलीचे डोळे भरून आले. आजीने तिच्या हातातली कातर काढून घेतली आणि सुई मागितली. “असं करू. तुझ्या दोन ओळींच्या मधे माझी एक.”

आणि तसेच झाले. गोधडीच्या त्या कोपऱ्यात एक ओळ सरळ आणि एक डुलत चाललेली, अशा जोडीने दोघी पुढे गेल्या. सासूबाईंचा हात फारच थरथरू लागला, की लेक नुसते कापड ताणून धरी, पण सुईला हात लावीत नसे.

या छंदातली खरी अवघड गोष्ट आम्हांला त्या आठवड्यात कळली. टाका घालणे कुणालाही येते. दुसऱ्याचा टाका राहू देणे शिकावे लागते. बाजारातून आणलेल्या दुलईला सारख्या अंतराचे, यंत्राचे टाके असतात. घरच्या गोधडीत कुठली बाजू कुणी शिवली, हे दहा वर्षांनीही ओळखता आले पाहिजे.

जुन्या कापडात माणूस जपून ठेवण्याची ही रीत केवळ आपलीच आहे, असे मात्र नाही. बंगाली बायका जुन्या साड्या-धोतरांच्या कांथा शिवतात, आणि पूर्वी त्यासाठी दोराही साडीच्या काठातूनच सोडवून घेत. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) या सनदी अधिकाऱ्याने बंगालच्या खेड्यापाड्यांतून अशा कांथा गोळा करून ठेवल्या. उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाज आहे. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून इकडे आले, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरी कोंकणी बोलली जाते. त्यांच्या बायका गोधडीच्या चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे त्रिकोणी फूल शिवतात. ते नसले तर गोधडी पुरी झाली असे मानीत नाहीत.

आणि अमेरिकेतले एक उदाहरण तर आमच्याच घरातले वाटावे असे आहे. अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तेथील बायका एकेकाळच्या गुलामांच्या वंशातल्या. कापसाच्या शेतात राबून जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या. त्यांच्यापैकी मिसूरी पेटवे या बाईने १९४२ साली, नवरा वारल्यावर, त्याच्या कामावरच्या कपड्यांची गोधडी केली. पुढे २००२ साली या वस्तीतल्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, आणि २००६ साली अमेरिकेच्या टपालखात्याने त्यांची तिकिटे काढली. मी हे वाचून दाखवले, तेव्हा सासूबाईंनी त्या बाईचे नाव दोनदा विचारून घेतले. “तिनं बाहेरून लावले होय कपडे? धीराची होती,” असे म्हणाल्या.

आमची गोधडी संक्रांतीच्या आधी तीन दिवस पुरी झाली. कोपऱ्यांना आम्हीही लुगड्याच्या काठाची फुले लावली. वरच्या अंगाला मुलांच्या झग्यांचे आणि सदऱ्यांचे तुकडे आहेत. चिरंजीवांच्या बाजूला एक टाका चक्क वीतभर आहे, आणि तो आम्ही उसवलेला नाही. पहिल्या रात्री ती कुणी पांघरायची, यावर वाद झाला नाही. लेकीनेच ती आजीच्या अंगावर घातली.

वर्षभर ती वापरात आहे. चार वेळा धुऊन झाली. माझ्या बाजूची एक ओळ सुटली, ती परवा मी पुन्हा घातली. पण आजी-नातीचा तो कोपरा जसाच्या तसा आहे. दुप्पट टाके पडल्यामुळे तो सगळ्यांत घट्ट झाला आहे.

तेव्हा वाचकहो, यंदा फराळाचे डबे रिकामे होऊ लागले आणि थंडी पडू लागली, की बोहारणीला हाक मारण्याआधी एकदा घरातली ट्रंक उघडून पाहा. आमच्या घरी तर पुढचे काम ठरूनही गेले. त्या लुगड्याचे दोन भाग अजून शिल्लक आहेत, आणि दुसरे धोतरही. परवा आवराआवरीत सासूबाईंनी ते स्वतः बाहेर काढले आणि नातीच्या हाती दिले. म्हणाल्या, “या वेळी मधला थर तू घाल. सुरकुती राहू देऊ नकोस.”